एंजिन आणि त्याचा नियंत्रक
मालमोटारीत त्याच घराण्यातील दुसरे एंजिन बसविले, सर्व बोल्ट जुळले, तरी नियंत्रक-संगणक निराळ्या बांधणीचा असल्यास ते सुरू होईलच असे नाही. अमेरिकेतील शेव्हरोले सिल्व्हराडोच्या आठ सिलिंडरांच्या पेट्रोल एंजिनांत पूर्वी क्रँकशाफ्टवरील चक्र दर फेऱ्यास 24 विद्युत्-स्पंद देई. 2007 च्या नव्या बांधणीत 58 दात्यांचे चक्र आले. वस्तुतः दर 6 अंशांस एक याप्रमाणे दाते 60 व्हावयाचे. पैकी दोन मुद्दाम गाळलेले असतात. त्या रिकाम्या जागेवरून संगणक क्रँकशाफ्टची स्थिती ओळखतो. जुन्या नियंत्रकास ही खूण वाचता येत नाही. मग ठिणगी केव्हा पाडावी, इंधन केव्हा सोडावे? भंगारातून एंजिन घेणाऱ्याचे पैसे येथेच अडकतात. नुसते वर्ष विचारून भागत नाही, कारण 2007 मध्ये जुन्या व नव्या अशा दोन्ही बांधणींच्या गाड्या विकल्या गेल्या. क्रँकशाफ्टचा संवेदकच पाहावा: सामान्यतः तो काळा असल्यास 24, करडा असल्यास 58.