अक्षय ठेवा आणि रोजचा जमाखर्च : मराठी ख्रिस्ती आत्मपर लेखनातील ईश्वरनिर्भरता

ऐहिक धनावर नव्हे तर ईश्वरावर विसंबून राहावे, हा ख्रिस्ती जीवनदृष्टीचा एक मूलभूत आग्रह आहे. उपदेशाच्या पातळीवर तो सोपा वाटतो. मात्र एखादी व्यक्ती तो प्रत्यक्ष आचरू लागली आणि त्या आचरणाचा वृत्तान्त लिहू लागली, की काही अवघड प्रश्न उभे राहतात. विसंबून राहणाऱ्याच्या आधारावर जे जगतात त्यांचे काय? धनाचा हव्यास सोडणे आणि धनाचा हिशेब सोडणे या गोष्टी एकच आहेत काय? प्रस्तुत लेखात पंडिता रमाबाई आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या लेखनाच्या आधारे या प्रश्नांचा विचार केला आहे. ईश्वरनिर्भरतेमुळे या लेखनातून जमाखर्च नाहीसा होत नाही. तो कोणी ठेवावा आणि कोणासमोर मांडावा, एवढेच बदलते, हे दाखवणे हा लेखाचा हेतू आहे.

१. संकल्पनेची पार्श्वभूमी

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात कसर आणि जंग लागणारी पृथ्वीवरची संपत्ती व स्वर्गातील संपत्ती असा विरोध मांडलेला आहे. त्याच अध्यायात पाखरे आणि रानफुले यांचे दाखले देऊन उद्याची चिंता न करण्याचे आवाहन येते. लूककृत शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात मोठी कोठारे बांधण्याचे बेत करणारा धनवान त्याच रात्री मरण पावतो. या सर्व ठिकाणी प्रश्न धन असण्या-नसण्याचा नसून त्यावर ठेवलेल्या भरवशाचा आहे. धनासाठी मूळ ग्रीक पाठात आलेला 'मामोन' हा अरामी शब्द 'ज्यावर भरवसा ठेवला जातो ते' अशा अर्थाच्या धातूपासून आला, असे अनेक अभ्यासक मानतात. ती व्युत्पत्ती स्वीकारल्यास 'मामोन' हे संपत्तीचे तसेच विश्वासाच्या पर्यायी स्थानाचे नाव ठरते.

भारतीय वाचकाला येथे गीतेच्या नवव्या अध्यायातील 'योगक्षेम' ही संकल्पना आठवणे स्वाभाविक आहे. जे नाही ते मिळवून देणे आणि जे आहे त्याचे रक्षण करणे, हा भार तेथे भगवंताने स्वतःवर घेतलेला आहे. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय आयुर्विमा महामंडळाने आपले बोधवाक्य याच श्लोकातून घेतले, ही बाब उद्बोधक आहे. ईश्वराने दिलेले अभय आणि हप्त्यांनी मिळवलेली सुरक्षितता या दोहोंसाठी आपल्या समाजाला एकच शब्द पुरला.

२. पंडिता रमाबाई : साक्ष आणि हिशेब

रमाबाईंनी (१८५८–१९२२) १९०७ मध्ये इंग्रजीत लिहिलेल्या आत्मनिवेदनाच्या शीर्षकाचा आशय 'आमच्या अक्षय ठेव्याची साक्ष' असा आहे. 'ठेवा' हा धनव्यवहाराचा शब्द आणि 'साक्ष' हा न्यायव्यवहाराचा. या दोन शब्दांनीच ग्रंथाची भूमिका स्पष्ट होते.

या निवेदनाला एका जुन्या अनुभवाची पार्श्वभूमी आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपली संपत्ती शास्त्राज्ञा मानून देवकार्यात आणि दानधर्मात खर्च केली. पुढे १८७०च्या दशकातील दुष्काळात हे कुटुंब अन्नान्न दशेला पोहोचले आणि रमाबाईंचे आईवडील मरण पावले. म्हणजे देवावर भार टाकून धन सोडणारे कुटुंब त्यांनी बालपणीच पाहिले होते, आणि त्याची परिणतीही पाहिली होती. त्यामुळे त्यांची उत्तरायुष्यातील ईश्वरनिर्भरता भाबडी म्हणून बाजूला सारता येत नाही. तीच कृती वेगळ्या श्रद्धेच्या आधाराने पुन्हा करण्याचे धाडस त्यांनी केले, असे म्हणावे लागते.

१८८७ मध्ये बोस्टन येथे स्थापन झालेल्या अमेरिकन रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे साहाय्य देण्याचे मान्य केले आणि त्या बळावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले. ही मुदतबंद सुरक्षितता होती. ती संपण्यापूर्वी रमाबाईंनी केडगाव येथे जमीन घेऊन फळझाडे लावली. संस्थेला उत्पन्नाचे स्वतःचे साधन असावे, हा त्यामागील हेतू होता. याच काळात ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर यांचे चरित्र त्यांच्या वाचनात आले आणि भारतातही असे केवळ देवावर विसंबून जगता येईल काय, हा प्रश्न त्यांना पडला. १८९७ च्या आणि १९०० च्या दुष्काळांत निराश्रित स्त्रिया व मुली केडगावी आणल्या गेल्या आणि मुक्ती सदनातील संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. फळबागेच्या उत्पन्नात हे पोट भरणारे नव्हते. कोणत्याही मंडळाने मंजूर केलेले कायमचे अनुदानही मुक्तीला नव्हते. ईश्वरावरील भरवसा येथे एका व्यक्तीचा आध्यात्मिक प्रयोग राहत नाही. तो दोन हजार जणींच्या रोजच्या जेवणाचा प्रश्न होतो.

म्यूलर (१८०५–१८९८) यांची रीत येथे लक्षात घेतली पाहिजे. माणसांजवळ मागायचे नाही आणि कर्ज काढायचे नाही, हे त्यांचे नियम होते. परंतु आलेल्या प्रत्येक रकमेची नोंद ठेवून ते वार्षिक अहवाल छापत असत. केडगावाहूनही 'मुक्ती प्रेअर बेल' हे इंग्रजी नियतकालिक निघत असे आणि ते परदेशातील हितचिंतकांपर्यंत जाई. मागणे वर्ज्य, सांगणे मात्र कर्तव्य, अशी ही व्यवस्था आहे. या सांगण्यातून अप्रत्यक्ष मागणी होते, असा आक्षेप घेता येईल आणि तो निराधार नाही. तथापि साक्ष या लेखनप्रकाराची गरजच अशी आहे की किती कमी होते आणि किती आले, हे नोंदल्याशिवाय देवाने पुरवले हे विधान सिद्ध होत नाही. हिशेब हा येथे अविश्वासाचा नसून श्रद्धेचाच पुरावा असतो.

३. टिळक दांपत्य : निश्चिंतता कोणाची?

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. पुढे अनेक वर्षे अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केल्यावर १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडून 'देवाचा दरबार' उभारला. पगारी धर्मसेवकापेक्षा निःसंग सेवक भारतीय मनाला जवळचा वाटेल, ही त्यांची धारणा होती. म्यूलर यांच्या परंपरेपेक्षा येथे संन्यासाची आणि वारकरी संतांची परंपरा अधिक प्रभावी आहे.

या निःसंगतेचा वृत्तान्त आपल्याला मुख्यतः लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मकथनातून मिळतो. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात टिळकांची उदार वृत्ती, हाती पैसा न टिकणे आणि त्यातून घरात उडणारी धांदल यांचे विनोदी चित्रण आहे. हा विनोद प्रेमळ आहे, पण तो वाचकाला एक कठोर वस्तुस्थितीही दाखवतो. ज्याला उद्याची चिंता नाही, त्याच्या वाट्याची चिंता दुसरे कोणी तरी वाहत असते. लक्ष्मीबाई टिळकांच्या श्रद्धेला खोटे ठरवत नाहीत. त्या केवळ तिचा घरखर्च नोंदवतात.

४. तुलना आणि निष्कर्ष

तुकारामांच्या परंपरागत चरित्राशी तुलना केल्यास हा भेद अधिक स्पष्ट होतो. दुष्काळात धन आणि पहिली पत्नी गमावल्यानंतर तुकारामांनी धाकट्या भावाचा वाटा बाजूला काढून आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, असे ही कथा सांगते. त्यांच्या दुसऱ्या पत्नीची, जिजाईची, तक्रार मात्र चरित्रकारांच्या मुखातून येते आणि पुष्कळदा तिला कर्कशा ठरवले जाते. लक्ष्मीबाईंच्या रूपाने मराठीत जिजाईच्या जागी असलेली स्त्री स्वतः लिहू लागते. आणि रमाबाईंच्या बाबतीत धन सोडणारी व पोटाची जबाबदारी घेणारी व्यक्ती एकच होते.

अशा रीतीने तीन व्यवस्था दिसतात. तुकारामांच्या कथेत हिशेब नदीत जातो, टिळकांच्या घरी तो पत्नीच्या स्मरणात राहतो आणि रमाबाईंच्या लेखनात तो साक्ष म्हणून जगापुढे मांडला जातो. धनावरील भरवसा तिन्ही ठिकाणी नाकारलेला आहे. परंतु पाखरांच्या दाखल्यातील निश्चिंतता इतरांच्या भुकेची जबाबदारी घेऊनही टिकू शकते काय, या प्रश्नाला रमाबाईंचे लेखनच सर्वाधिक थेट सामोरे जाते. त्यांनी फळझाडेही लावली आणि प्रार्थनाही केली. या दोहोंत त्यांना विसंगती वाटली नाही. ईश्वरनिर्भर साहित्याचा तौलनिक अभ्यास करताना त्यागाच्या क्षणाइतकेच त्या त्यागाच्या दुसऱ्या दिवशी चूल कोणी पेटवली, याकडेही लक्ष देणे म्हणूनच आवश्यक ठरते.