हातोडा पडण्याआधी : जुन्या इमारतींतला असबेस्टॉस, गैरसमज आणि वस्तुस्थिती

एप्रिल-मे आला की मुंबईपासून कोकणापर्यंत छपरांची कामं निघतात. तडकलेला सिमेंटचा पत्रा उतरवायचा, नवा चढवायचा, हुकासाठी भोक पाडायचं, जास्तीचा तुकडा ग्राइंडरने उडवायचा. ग्राइंडरचं पातं पत्र्याला लागताच करड्या धुळीचा लोट उठतो आणि कापणाऱ्याच्या केसांवर, भुवयांवर, सदऱ्याच्या बाहीवर बसतो. तोंडाला फार तर रुमाल. पत्रा असबेस्टॉसचा असेल, तर खरा धोका या दिसणाऱ्या धुळीपेक्षा तिच्यासोबत उडणाऱ्या, नजरेला न दिसणाऱ्या तंतूंचा असतो.

असबेस्टॉस हे दगडातून निघणारं, पण तंतूंच्या रूपातलं खनिज. ते आगीला, झिजेला दाद देत नाही आणि स्वस्त पडतं, म्हणून विसाव्या शतकात बांधकामात सगळीकडे शिरलं. पण त्याचे बारीक तंतू श्वासातून फुप्फुसात खोलवर गेले, की शरीराला ते सगळे बाहेर टाकता येत नाहीत. त्यातून फुप्फुसं कडक करत नेणारा असबेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कर्करोग म्हणजे मेसोथेलिओमा, हे आजार उद्भवतात. कामाच्या ठिकाणी असबेस्टॉसशी आलेल्या संपर्कामुळे जगभरात दरवर्षी २ लाखांहून अधिक माणसं दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

इतकं असूनही जुन्या इमारतीची दुरुस्ती किंवा पाडकाम निघालं, की बोलणं दोनच टोकांवर होतं. ‘एवढी वर्षं कुणाला काही झालं नाही’ हे एक टोक. ‘आत्ताच्या आत्ता उखडून फेका’ हे दुसरं. दोन्हींनी नुकसानच होतं.

गैरसमज : असबेस्टॉस म्हणजे छपराचा पत्रा, दुसरं काही नाही.

पत्रा हा त्याचा सर्वांत ओळखीचा अवतार, इतकंच. पावसाचं पाणी खाली आणणारे जुने सिमेंटचे पाइप, पाण्याच्या टाक्या, गरम पाण्याच्या आणि वाफेच्या नळांभोवतीचं वेष्टन, बॉयलरची दोरीसारखी गॅस्केटं, आगरोधक दारांतला थर, जुन्या फ्यूज बोर्डांतले उष्णतारोधक तुकडे, लिफ्टच्या ब्रेकची अस्तरं, विनाइलच्या फरशा, एवढ्या ठिकाणी तो असू शकतो. या सगळ्यांचा धोका सारखा नसतो. सिमेंटच्या पत्र्यात असबेस्टॉस साधारण दहाव्या हिश्शाच्या आसपास असतो आणि सिमेंटने घट्ट धरलेला असतो. याउलट पोलादी तुळयांवर आगीपासून संरक्षणासाठी फवारलेल्या जुन्या थरात किंवा नळांवरच्या वेष्टनात त्याचं प्रमाण कितीतरी जास्त, आणि थर इतका भुसभुशीत की बोट लागलं तरी सुटतो. म्हणून ‘आहे की नाही’ एवढ्यावर थांबून भागत नाही. कुठल्या रूपात आहे आणि कुठल्या अवस्थेत आहे, हेही विचारावं लागतं.

गैरसमज : भारतात यावर केव्हाच बंदी आली, त्यामुळे प्रश्न फक्त फार जुन्या इमारतींचा.

साठहून अधिक देशांनी असबेस्टॉसवर बंदी घातली. ब्रिटनने निळा आणि तपकिरी असबेस्टॉस १९८५ मध्ये बंद केला, पांढरा १९९९ मध्ये. ऑस्ट्रेलियाने २००३च्या अखेरीस दार लावलं. भारतात मात्र १९८६ मध्ये थांबलं ते फक्त नवे खाणपट्टे देणं; जुन्यांचं नूतनीकरण थांबलं ते १९९३ मध्ये. पांढऱ्या असबेस्टॉसची आयात आणि त्याचे पत्रे बनवणं पुढेही सुरूच राहिलं. रशिया हा त्याचा मोठा पुरवठादार. त्यामुळे ‘आमची इमारत नव्वदच्या दशकातली, आम्हाला काय भीती’ हा हिशेब ब्रिटनमध्येही चालत नाही आणि इथे तर मुळीच नाही. असबेस्टॉस नसलेले सिमेंटचे पत्रेही आता बाजारात मिळतात. ते मागून घ्यावे लागतात.

गैरसमज : पांढरा असबेस्टॉस निर्धोक असतो.

हा युक्तिवाद उद्योगाकडून सतत ऐकू येतो आणि त्यात अर्धं तथ्य आहे. पांढऱ्याचे म्हणजे क्रिसोटाइलचे तंतू नागमोडी असतात आणि फुप्फुसातून तुलनेने लवकर कमी होतात; मेसोथेलिओमाचा धोका निळ्या आणि तपकिरी असबेस्टॉसमुळे जास्त असतो. पण ‘त्याहून कमी’ म्हणजे ‘नाही’ नव्हे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने असबेस्टॉसचे सगळे सहा प्रकार, पांढऱ्यासकट, माणसाला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात घातले आहेत. अमेरिकेने क्रिसोटाइलवर बंदीचा नियम काढला तो २०२४ मध्ये.

गैरसमज : धोका खाणीतल्या आणि कारखान्यातल्या कामगारांनाच.

सुरुवात तिथूनच झाली, हे खरं. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावी टर्नर ब्रदर्सच्या कारखान्यात असबेस्टॉसचं सूत कातणारी नेली कर्शॉ १९२४ मध्ये, वयाच्या ३३व्या वर्षी गेली. डॉ. विल्यम कुक यांनी तिच्या फुप्फुसांची तपासणी करून निष्कर्ष त्याच वर्षी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापले. हीच कंपनी पुढे ज्या टर्नर अँड न्यूअल समूहात होती, त्याने भारतातही पत्र्यांचे कारखाने चालवले. मुलुंडचा कारखाना त्यांपैकीच.

पण १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेत संशोधक वॅगनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेसोथेलिओमाच्या ३३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा चित्र पालटलं. त्यांतल्या अनेकांनी खाणीत कधी काम केलंच नव्हतं. ते निळ्या असबेस्टॉसच्या खाणींच्या परिसरात राहिले होते, तिथे लहानाचे मोठे झाले होते. कामगारांचे धुळीने माखलेले कपडे घरी धुणाऱ्या बायकांनाही पुढे हाच आजार झाल्याचं अनेक देशांत आढळलं.

आणि इमारतींच्या दृष्टीने सर्वांत बोलकी माहिती ब्रिटनची. १९४०च्या दशकात जन्मलेले आणि तिशीच्या आत दहा वर्षांहून अधिक काळ सुतारकाम केलेले जे पुरुष तिथे होते, त्यांच्यात आयुष्यभरात मेसोथेलिओमा होण्याचा धोका दर १७ जणांत एकाला, असा निष्कर्ष २००९ च्या एका मोठ्या अभ्यासात निघाला. ही माणसं असबेस्टॉसच्या कारखान्यात नव्हती. ती असबेस्टॉसच्या फळ्या कापत होती, त्यांना भोकं पाडत होती. आपल्याकडे तीच कामं सुतार, प्लंबर, वायरमन आणि बिगारी करतात.

गैरसमज : सापडला की लगेच उखडून टाकावा.

भीतीपोटी सुचणारा हा उपाय अनेकदा उलटतो. शाबूत असलेला, वर रंगाचा थर असलेला, कुणाचा हात न पोचणारा पत्रा किंवा पाइप जागच्या जागी असताना फारसे तंतू सोडत नाही. तोच घाईने तोडला, की वर्षानुवर्षं बांधलेले तंतू एका दुपारी हवेत येतात. म्हणून ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा यंत्रणेचा सल्ला असा आहे : माल चांगल्या अवस्थेत असेल आणि त्याला धक्का लागण्याची शक्यता नसेल, तर तो तिथेच ठेवा, नोंद करा आणि लक्ष ठेवा. खराब झाला असेल तर दुरुस्त करा किंवा झाकून बंदिस्त करा. तेही जमणार नसेल किंवा तिथे काम निघणारच असेल, तर मग प्रशिक्षित माणसांकडून काढून घ्या.

काढणं किती किचकट असू शकतं, हे ब्रुसेल्समधल्या बेर्लेमाँ इमारतीने दाखवलं. युरोपीय आयोगाचं हे मुख्यालय असबेस्टॉसमुळे १९९१ मध्ये रिकामं केलं, आणि आयोग तिथे परतला तो २००४ मध्ये.

गैरसमज : अनुभवी माणूस बघून सांगतो.

पत्रा असबेस्टॉसचा की दुसऱ्या तंतूंचा, हे बघून ठरत नाही. नमुना प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो. नमुना घेण्याचीही रीत आहे : पंखे बंद, जागा ओली केलेली, छोटासा तुकडा, दुहेरी पिशवी, आणि उघडी पडलेली कड लगेच बंद. जिथे तपासणी झालेली नाही तिथे ‘आहे’ असं धरूनच वागायचं.

गैरसमज : नाकाला रुमाल बांधला, जागा झाडून काढली, काम झालं.

रुमाल आणि साधा मास्क हे तंतू अडवत नाहीत. त्यासाठी चेहऱ्याला घट्ट बसणारा, अतिसूक्ष्म कण गाळणारा श्वसनमास्क लागतो. कोरडा झाडू आणि घरगुती व्हॅक्यूम क्लीनर तर तंतू पुन्हा हवेत उडवतात. पावसाळ्याआधी शेवाळलेला पत्रा तारेच्या ब्रशने घासणं किंवा जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने धुणं हेही तसंच. वरचा सिमेंटचा थर निघतो आणि तंतू मोकळे होतात.

पत्रे उतरवायचेच असतील तर ते साबणाच्या पाण्याने भिजवून, गंजलेले बोल्ट कटरने कापून, अख्खेच्या अख्खे खाली घ्यायचे. वरून फेकायचे नाहीत, खाली फोडायचे नाहीत. मग जाड प्लास्टिकच्या दोन थरांत गुंडाळून वर ठळक अक्षरांत ‘असबेस्टॉस’ लिहायचं. हा माल राडारोड्यात मिसळून भरावाला किंवा भंगारवाल्याकडे जाता कामा नये. २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या यादीत टाकाऊ असबेस्टॉसचा समावेश आहे आणि महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे घातक कचऱ्याची सामायिक विल्हेवाट केंद्रं आहेत.

गैरसमज : स्ट्रक्चरल ऑडिट झालं, म्हणजे हेही तपासलं गेलं.

मुंबईत ३० वर्षं ओलांडलेल्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं. त्यात खांब, तुळया, स्लॅब यांची ताकद बघतात. असबेस्टॉसचा शोध ही वेगळी पाहणी आहे, आणि ती सोसायटीने किंवा संस्थेने आपणहून मागावी लागते.

ब्रिटनमध्ये २०१२ च्या नियमांनुसार घरांखेरीज इतर इमारतींच्या, तसंच निवासी इमारतींतल्या सामायिक जागांच्या देखभालीची जबाबदारी ज्याच्याकडे, त्याच्यावर असबेस्टॉसचं व्यवस्थापन करण्याचं कायदेशीर बंधन आहे. त्यातली पद्धत इथल्या शाळा, रुग्णालयं आणि गृहनिर्माण संस्थांनाही उचलता येईल. आधी इमारत फिरून संशयित जागांची यादी : गच्चीवरची शेड, डक्टमधले पाइप, पंपाची खोली, लिफ्टची खोली. प्रत्येक जागेचा फोटो, मालाचा प्रकार, अवस्था आणि तपासणीचा निकाल असलेली नोंदवही. ती एका नेमलेल्या माणसाच्या ताब्यात. दर ६ ते १२ महिन्यांनी फेरपाहणी. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, ड्रिल लावायला आलेल्या प्रत्येक कारागिराला काम सुरू होण्याआधी ती वही दाखवणं. वही कपाटात कुलूपबंद राहिली, तर पाहणीचा खर्च वाया गेला म्हणायचं.

पुनर्विकासात हे आणखी काटेकोर हवं. पाडकामाआधीची पाहणी वरवरची चालत नाही. फॉल्स सीलिंग, डक्ट, भिंतींमागची पोकळी उघडून बघावी लागते, आणि असबेस्टॉस काढून झाल्यावरच यंत्रं आत यावीत. विकासकाशी करार करताना ही पाहणी, काढण्याची पद्धत आणि विल्हेवाटीची पावती या तिन्ही गोष्टी स्वतंत्र अटी म्हणून लिहून घेता येतात.

गैरसमज : इतक्या वर्षांत काही झालं नाही, आता काय होणार?

असबेस्टॉसचे आजार दिसायला सहसा १० ते ४० वर्षं लागतात, कधी त्याहूनही जास्त. सिगारेट-विडी जोडीला असली तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. अमेरिका-कॅनडातल्या उष्णतारोधक कामगारांच्या १९७९ च्या अभ्यासात, असबेस्टॉसशी संपर्क नसलेल्या आणि धूम्रपान न करणाऱ्या माणसांच्या तुलनेत, धूम्रपान न करणाऱ्या कामगारांत या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ५ पट आढळले. धूम्रपान करणाऱ्यांत ५० पटींहून अधिक.

हा दीर्घ काळ लक्षात घेऊनच सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात असबेस्टॉस उद्योगांना आदेश दिला, की प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा काम सुटल्यापासून १५ वर्षं, यांपैकी जे नंतर येईल तोवर, जपून ठेवावी. इमारत पाडणारा मजूर मात्र आठवडाभर एका ठिकाणी, पुढच्या आठवड्यात दुसरीकडे; त्याची अशी नोंद कुठेच नसते. पाडकामाच्या करारात कामगारांची नावं, कामाच्या तारखा, कुठला माल हाताळला आणि कोणता मास्क दिला हे लिहून ठेवण्याची अट घालणं सोसायटीला सहज शक्य आहे. त्या कागदाची एक प्रत कामगाराकडेही असावी. वीस-तीस वर्षांनी धाप लागते म्हणून तो रुग्णालयात गेला आणि डॉक्टरांनी ‘आधी कुठे काम करत होतात?’ असं विचारलं, तर दाखवायला त्याच्याकडे काहीतरी असेल.