चालत्या इंजिनाचा थ्रॉटल

दोन इंजिनांचं रेडिओ-कंट्रोल मॉडेल जास्त सुरक्षित, असं नवख्याला वाटतं. ग्लो इंजिनांच्या, म्हणजे इंधनावर चालणाऱ्या छोट्या मॉडेल-इंजिनांच्या, काळानं उलट शिकवलं. इंजिनं दोन, म्हणजे एखादं बंद पडण्याची शक्यताही जवळपास दुप्पट. शिवाय विमान पाडतं ते बहुधा चालू राहिलेलं इंजिन.

खऱ्या वैमानिकांनी हे आधीच भोगलं होतं. दुसऱ्या महायुद्धातल्या लॉकहीड पी-३८ लाइटनिंगचं एक इंजिन टेकऑफच्या वेळी बंद पडलं, की दुसऱ्याचा जोर विमान बंद बाजूला ओढून उलटं करी. म्हणून शिकवण अशी होती: आधी चालत्या इंजिनाची पॉवर कमी करा, विमान सावरा, बंद प्रॉपेलर फेदर करा (त्याची पाती हवेला कमीत कमी अडतील अशी वळवा), मगच पॉवर हळूहळू वाढवा. १९४४ मध्ये लॉकहीडचे चाचणी वैमानिक टोनी लेव्हियर इंग्लंडला गेले आणि एका इंजिनावरचं उड्डाण त्यांनी वैमानिकांना प्रत्यक्ष करून दाखवलं.

मॉडेलवाल्याचं काम एका अर्थी अधिक अवघड. तो जमिनीवर उभा. ओढ अंगाला जाणवत नाही. नाक थोडं वळतं, ते वाऱ्यामुळे असं वाटतं. मग हात एलरॉनकडे, म्हणजे पंखावरच्या कलवणाऱ्या झडपांकडे, जातो. वेग कमी असताना पडता पंख एलरॉननं उचलायला गेलं की त्याच पंखाचा रोध वाढतो, तोच स्टॉल होतो आणि मॉडेल गिरकी घेत खाली येतं. खरा उपाय मनाला पटत नाही, पण तोच वाचवतो: थ्रॉटल ताबडतोब मागे, नाक खाली, रडरनं दिशा, आणि समोर जी मोकळी जागा असेल तिथे उतरणं. १९६० च्या दशकात प्रपोर्शनल रेडिओ रुळला, तेव्हा कुठे रडर हवा तेवढाच देता येऊ लागला.

जुन्या मंडळींची निम्मी लढाई जमिनीवरच व्हायची. इंजिन नीट रन-इन करायचं, नीडल किंचित रिच, म्हणजे इंधन जरा जास्त, ठेवायची, मॉडेलचं नाक आभाळाकडे धरून फुल थ्रॉटलवर आवाज ऐकायचा. दोन्ही इंजिनांचे फेरे तंतोतंत जुळवण्याचा हट्ट मला कधीच पटला नाही. दोन्ही न थांबता चालणं कितीतरी महत्त्वाचं.

या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रशलेस मोटर आणि लिथियम-पॉलिमर बॅटरी आल्या. धोका खूप कमी झाला, पण संपला नाही: ईएससी (मोटरचा वेग नियंत्रक) जळतो, कनेक्टर निसटतो, प्रॉपेलर सुटतो. एका इंजिनावर उडण्याचा सराव मात्र सुटला, याचं मला वाईट वाटतं. खरं तर आता तो सोपा आहे. दोन्ही ईएससी वेगळ्या चॅनेलवर घ्या, एका स्विचवर एक मोटर बंद ठेवा, आणि भरपूर उंचीवर, पुरेशा वेगात, दोन्ही बाजूंनी करून पाहा.