खलनायकाचा हेल

डिस्नेचा १९९२ सालचा ‘अलादीन’ पुन्हा लावा आणि थोडा वेळ पडद्याकडे न बघता नुसता ऐका. अग्रबाह या काल्पनिक अरबी शहरातले अलादीन आणि राजकन्या जास्मिन सफाईदार अमेरिकन इंग्रजी बोलतात. त्याच शहरातले तलवारी उगारणारे शिपाई मात्र जाड अरबी हेल काढतात. भुकेल्या मुलाला सफरचंद दिलं म्हणून जास्मिनचा हात तोडायला निघालेला फळवालाही त्याच हेलात बोलतो. आता पडद्याकडे बघा. अलादीनचा चेहरा गुळगुळीत, नाक लहान. शिपायांची नाकं मोठी, चेहरे राकट. माणूस कपड्यांवरून नव्हे, मनावरून ओळखावा, हा या चित्रपटाचा संदेश. पण वाईट माणूस नाकावरून आणि बोलण्यावरून ओळखायची सवय तोच लावतो. कौटुंबिक अ‍ॅनिमेशनपटांची खरी अडचण इथे आहे. संदेश कथेत सांगितला जातो, साचे मात्र चित्रातून आणि आवाजातून मुरतात.

हे नकळत घडतं असं म्हणता येत नाही. कॅमेऱ्यात एखादी गोष्ट चुकून येऊ शकते. अ‍ॅनिमेशनमध्ये भुवईसुद्धा कोणीतरी ठरवून काढलेली असते आणि प्रत्येक आवाज निवडलेला असतो. आपल्याला हा प्रकार नवा नाही. मराठी नाटक-सिनेमांत नायकाच्या तोंडी प्रमाण भाषा आणि हशा मिळवणाऱ्या गड्याच्या तोंडी गावची बोली, ही वाटणी आपण वर्षानुवर्षं पाहत आलो आहोत. कोण किती बोलतं, हेही असंच ठरतं. कारमेन फॉट आणि कॅरन आयझेनहावर या भाषाभ्यासकांनी डिस्नेच्या राजकन्यापटांतले संवाद मोजले. १९३७च्या ‘स्नो व्हाइट’मध्ये स्त्री आणि पुरुष पात्रांचं बोलणं जवळपास निम्मं-निम्मं होतं, ‘अलादीन’मध्ये स्त्रियांच्या वाट्याला जेमतेम १० टक्के आलं. ‘मुलान’ (१९९८) तर युद्ध जिंकणाऱ्या मुलीची गोष्ट. तरी तिच्यासोबतचा मुशू हा छोटा ड्रॅगन तिच्याहून सुमारे दीडपट बोलतो. नायिका धीट झाल्या, पण पडद्यावर बोलायची पाळी बहुतेक वेळा पुरुषांचीच राहिली.

यावर लोक म्हणतात, मुलं गंमत म्हणून बघतात, एवढा कीस कशाला काढायचा? पण गंमत म्हणून बघतात म्हणूनच मुलं तेच चित्रपट पुन्हा पुन्हा बघतात, आणि जे वारंवार दिसतं ते जगाची रीत वाटू लागतं. दुसरा आक्षेप काळाचा: तेव्हा कोणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. हे खरं नाही. ‘अलादीन’च्या सुरुवातीच्या गाण्यात, चेहरा आवडला नाही तर कान कापणाऱ्या देशाचा उल्लेख होता. अरब-अमेरिकन नागरिकांनी लगेच आवाज उठवला आणि १९९३मध्ये व्हिडिओ आवृत्तीसाठी ती ओळ बदलावी लागली. ज्यांना लागलं ते तेव्हाही बोलत होते. ऐकणारे कमी होते. तिसरी भीती अशी की, एवढा विचार करत बसलं तर गोष्टीतली मजाच जाईल. तिला उत्तर मेक्सिकोतल्या मृतांच्या सणावर बेतलेल्या ‘कोको’ या अ‍ॅनिमेशनपटाने दिलं. २०१३मध्ये त्या सणाच्या नावावरच व्यापारचिन्ह म्हणून हक्क सांगायला डिस्ने निघाली होती. संतापाची लाट उसळल्यावर तिने माघार घेतली. पुढे त्याच वादात कंपनीवर व्यंगचित्रातून कोरडे ओढणारे मेक्सिकन-अमेरिकन व्यंगचित्रकार लालो अल्काराझ यांना चित्रपटाचे सल्लागार म्हणून बोलावलं गेलं. २०१७मध्ये आलेल्या ‘कोको’ने मेक्सिकोतली चित्रपटगृहं भरली आणि ऑस्करही मिळवलं. ज्यांची गोष्ट त्यांनाच विचारल्याने ती बेचव झाली नाही, उलट खुलली.

म्हणून जुने चित्रपट कपाटात बंद करण्याची गरज नाही. ‘डम्बो’ आणि ‘पीटर पॅन’पुढे डिस्नेने मध्यंतरी स्वतःच साचेबद्ध चित्रणाबद्दलचा इशारा दाखवला होता, पण पाटी वाचून मुलाला काही कळत नाही, शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाने विचारलेल्या प्रश्नाने कळतं. पुढच्या वेळी मुलांसोबत बसाल तेव्हा एवढंच विचारा: यातले वाईट लोक वेगळं का बोलतात?