जिनिव्हाचा कागद आणि नियमगिरीची सभा

दिल्लीतल्या टिळक मार्गावरच्या सर्वोच्च न्यायालयात १८ एप्रिल २०१३ रोजी एक आगळा निकाल लागला. खटला होता ओडिशातल्या नियमगिरी डोंगराचा. त्याच्या माथ्यावर बॉक्साइटचा मोठा साठा आहे. पायथ्याशी लांजीगढला वेदान्त कंपनीने ॲल्युमिना कारखाना उभारला होता आणि त्याला हे खनिज हवे होते. पण डोंगरावर डोंगरिया कोंध आदिवासी राहतात, जेमतेम आठ हजार. माथ्यावर आपला नियमराजा वसतो, अशी त्यांची श्रद्धा. देवाचे घर खणू द्यायचे की नाही, हे ठरवायचे कोणी? मंत्रालयाने, कंपनीने, की त्या देवाला मानणाऱ्यांनी?

न्यायालयाने सांगितले, ग्रामसभांनी ठरवावे, तेही तीन महिन्यांत. डोंगरावर गावे शंभराहून अधिक. राज्य सरकारने निवडली फक्त बारा. यावर टीकाही झाली. जुलै-ऑगस्टमध्ये जिल्हा न्यायाधीशांच्या देखरेखीखाली एकेका गावात सभा भरली. बाराच्या बारा गावांनी ‘नाही’ म्हटले. जानेवारी २०१४ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानेही खाणीला परवानगी नाकारली.

कागद होते, वापर नव्हता

या निकालपत्रात जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १०७ क्रमांकाच्या कराराचा उल्लेख आहे. आदिवासींच्या हक्कांविषयीचा हा पहिला जागतिक करार १९५७ चा. भारताने तो १९५८ मध्येच मान्य केला. मात्र आदिवासींना ‘मुख्य प्रवाहात’ मिसळून टाकावे, असा त्याचा सूर होता. तो चूक वाटल्याने १९८९ मध्ये नवा करार आला, क्रमांक १६९. त्यावर भारताची मोहोर अजून उमटलेली नाही. १३ सप्टेंबर २००७ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने मूलनिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा संमत केला. भारताने बाजूने मत दिले, पण आमच्याकडे सगळेच मूलनिवासी, अशी भूमिकाही घेतली. घरी आलेल्या पाहुण्याला ‘या’ म्हणावे आणि दार अर्धेच उघडावे, तसे हे झाले!

तरी दिल्लीच्या संसदेने दोन कायदे केले, ते मोलाचे. १९९६ चा ‘पेसा’ आणि २००६ चा वनहक्क कायदा. जाहीरनाम्यातली ‘आधी विचारा, मग करा’ ही गोष्ट आपल्याकडे ग्रामसभेच्या रूपाने आली ती यांच्यामुळे.

मराठी वाचकांना याचे उदाहरण शोधायला ओडिशात जायला नको. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गोंडांचे गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गावाची. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी गावकऱ्यांबरोबर वर्षानुवर्षे अभ्यास केला, सर्वांच्या संमतीने निर्णय घेण्याची सवय लावली. २००९ मध्ये गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण हक्काचा कागद हाती आला तरी बांबू विकता येईना! बांबू म्हणजे झाड, त्याच्या वाहतुकीचा परवाना वनखातेच देणार, असा हट्ट. वनस्पतिशास्त्र मात्र बांबूला गवत म्हणते. अखेर २०११ च्या एप्रिलमध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. एका पुस्तकासाठी मंत्र्याला दिल्लीहून यावे लागले, यावरून कागद आणि अंमल यांच्यातले अंतर कळावे.

दिल्लीतच आहेत दुसऱ्या गोष्टी

हे अंतर उलटही वाढते. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी याच सर्वोच्च न्यायालयाने वनहक्काचे दावे फेटाळल्या गेलेल्यांना जंगलातून काढण्याचा आदेश दिला. देशभर खळबळ उडाली. केंद्र सरकारने धाव घेतली आणि २८ फेब्रुवारीला न्यायालयाने आपल्याच आदेशाला स्थगिती दिली.

आणि खुद्द राजधानीत? दिल्लीसाठी अनुसूचित जमातींची यादीच नाही, हरयाणासाठीही नाही. म्हणून २०११ च्या जनगणनेत दिल्लीतल्या अनुसूचित जमातींची लोकसंख्या शून्य दिसते. प्रत्यक्षात झारखंड, छत्तीसगड, ओडिशातल्या कितीतरी आदिवासी मुली दिल्ली, गुडगाव, नॉइडातल्या घरांत धुणी-भांडी करतात, मुले सांभाळतात. त्यांतल्या अनेकींना एजन्सीवाले आणतात. पगारही पुष्कळदा त्यांच्याच हातून जातो. २०१४ मध्ये दिल्ली सरकारने अशा एजन्सींना परवाना सक्तीचा करणारा आदेश काढला. घरी मुलगी ठेवणाऱ्या गृहिणीने तो परवाना पाहायला मागितला, तर त्यात गैर काहीच नाही.

वनहक्काच्या ग्रामसभेत निम्मे गावकरी हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बायका हव्यात, असा नियम आहे. गावात सभा भरते तेव्हा अठरा-वीस वर्षांची ती पोर नॉइडाच्या चौथ्या मजल्यावर असते. तिला गावी जायला आठ दिवसांची रजा द्यायची की नाही, ते त्या घरातली बाई ठरवते.