अंटार्क्टिकाचा बर्फ पूर्वी वितळला होता? ऑक्टोपसच्या डीएनएने दिली साक्ष

अंटार्क्टिकाच्या पश्चिम भागावर बर्फाचा अवाढव्य थर आहे. तो पूर्ण वितळला तर जगभरातला समुद्र 3 ते 5 मीटर वर चढेल. पण असं याआधी कधी घडलं होतं का, यावर भूशास्त्रज्ञांचं वर्षानुवर्षं एकमत होत नव्हतं. भक्कम पुरावा दिला तो एका ऑक्टोपसने.

त्याचं नाव तुर्के ऑक्टोपस. हात सोडले तर धड साधारण 15 सेंटीमीटर, म्हणजे वीतभरही नाही. अंटार्क्टिकाच्या चहूबाजूंनी, 1000 मीटर खोलीपर्यंत तो समुद्रतळावर राहतो. मादी अंडी थोडी घालते, पण मोठी. पिल्लं पाण्यासोबत वाहत जात नाहीत, तळावरच सरपटतात. थोडक्यात, हा गाव सोडून फार लांब न जाणारा प्राणी.

वेडेल समुद्र आणि रॉस समुद्र हे खंडाच्या दोन विरुद्ध बाजूंना. मध्ये बर्फाची भिंतच म्हणा ना. ऑस्ट्रेलियातल्या जेम्स कुक विद्यापीठाच्या सॅली लाऊ आणि सहकाऱ्यांनी 33 वर्षांत गोळा झालेल्या 96 ऑक्टोपसांचा डीएनए तपासला. दोन्ही बाजूंच्या ऑक्टोपसांचे पूर्वज एकेकाळी थेट एकमेकांत मिसळल्याच्या खुणा त्यात निघाल्या. किनाऱ्याला वळसा घालून, प्रवाहाबरोबर ते गेले असतील का, हेही संगणकावर ताडून पाहिलं; तेवढ्याने हिशेब जुळेना. मधला बर्फ नाहीसा होऊन तिथे समुद्र आला होता, तरच तो जुळतो. काळ सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वीचा. डिसेंबर 2023 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात हे संशोधन आलं.

खरी काळजी पुढेच आहे. तेव्हा पृथ्वीचं तापमान औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या मानाने फक्त अर्धा ते दीड अंशाने जास्त होतं. आपण आज एक अंश केव्हाच ओलांडलाय.

हा बर्फ उद्या-परवा वितळणार नाही, त्याला शतकं लागतील. पण भारताच्या अंटार्क्टिका मोहिमा जिथून आखल्या जातात ती ध्रुवीय संशोधन संस्था गोव्यात, वास्कोला आहे. आणि त्याच गोव्यात खाजन शेतं भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. मातीचे बांध आणि मानशींच्या भरवशावर ती टिकून आहेत. 3 मीटर पाणी अडवायला ते बांध बांधलेलेच नाहीत.