घरोघर मोटार कीं सामाईक गाडी?

पीक बऱ्या भावानें विकलें, किंवा रस्त्यांत गेलेल्या जमिनीचा मोबदला हातीं आला, कीं प्रथम दारांत मोटार आणावयाची, असा प्रघात अलीकडे बागाईत गांवांतून पडूं लागला आहे. आमची उभी हयात महसूल खात्याच्या दप्तरांत गेली. मोबदल्याच्या रकमेची मोटार झालेली आम्हीं पुष्कळ ठिकाणीं पाहिली. त्या मोटारीची पुनः जमीन झालेली मात्र एकही पाहिली नाहीं. मोटार दहा-पंधरा वर्षांत भंगारांत जाते, आणि सातबाऱ्यावरून उतरलेलें क्षेत्र पुनः चढत नाहीं.

मोटारीशीं आमचें वैर नाहीं. ज्याचा धंदा रोजच्या फिरतीचा आहे, त्याला ती औताइतकीच लागते. परंतु वर्षांतून मोजके दिवस तालुक्यास जाणाऱ्या शेतकऱ्यास ती किती रुपयांस पडते, हा हिशेब सहसा कोणी मांडीत नाहीं. तो नमुन्यादाखल येथें मांडतों. आंकडे ज्यानें त्यानें आपले घालावे. मोटार आठ लाखांची धरूं. दहा वर्षांनीं ती दोन लाखांस गेली, तर घट सहा लाखांची, म्हणजे सालीना ६०,००० रुपये. अडकलेलें भांडवल सरासरीनें पांच लाख. त्यावर शेंकडा सात दरानें व्याज ३५,०००. विमा, टायर व दुरुस्ती मिळून २५,०००. एकूण १,२०,००० रुपये झाले, आणि यांत पेट्रोलचा एक थेंबही धरलेला नाहीं. आतां बाजार, कचेरी, दवाखाना, लग्नकार्य व देवदर्शन मिळून ती साठ दिवस हलली असें मानिलें, तर हलत्या दिवसास २,००० रुपये पडले. दिवसभराची भाड्याची जीप आपल्या गांवीं काय घेते, तें वाचकांनीं विचारून पाहावें व मग दोन्ही आंकडे शेजारीं ठेवावे. कर्ज काढून मोटार घेणाऱ्याचें व्याज तर याहूनही अधिक असतें. बैल दावणीस बांधून राहिला तरी शेण देतो. मोटार उभी राहून नुसता विमा खाते.

पण हा झाला एका घराचा हिशेब. गांवाचा हिशेब याहून निराळा आहे, आणि आम्हांस खरी काळजी त्याची वाटते.

१ जून १९४८ रोजीं पुणें व अहमदनगर (हल्लींचें अहिल्यानगर) यांच्या दरम्यान सरकारी एस. टी. ची पहिली गाडी धावली. पुढें ती खेडोपाडीं पोंचली, आणि सायंकाळीं गांवांत येऊन पहाटे निघणारी मुक्कामी गाडी हें कित्येक गांवांचें घड्याळच बनलें. उतारू दोन असोत कीं पन्नास, ही गाडी ठरल्या वेळीं सुटते, हाच तिचा मोठा गुण. परंतु गाडी चालू ठेवतांना आगारास दर किलोमीटरचें उत्पन्न पाहावें लागतें. गांवांतील दहा सधन घरांनीं मोटारी घेतल्या, कीं पुरें तिकीट काढणारे चाळीसएक उतारू कमी झाले. मग दुपारची फेरी बंद होते आणि कांहीं दिवसांनीं मुक्कामी गाडीही. मुलींस शाळेसाठीं अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास मिळतो. ७५ वर्षांवरील वृद्धांस ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत झाला. स्त्रियांस मार्च २०२३ पासून अर्धें तिकीट पडूं लागलें. पण गाडीच आली नाहीं, तर हे पास देव्हाऱ्यांत ठेवून पुजावयाचे काय? ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. त्या महिन्यांत मोटारवाल्यांचें फारसें कांहीं अडलें नाहीं. अडलें तें शाळेच्या पोरांचें, औषधास जाणाऱ्या म्हाताऱ्यांचें आणि आपल्याच शेतावर मजुरीस येणाऱ्या बायांचें.

म्हणून ज्या गांवास गाडी आहे, तेथील जमीनदारांनीं निदान बाजाराच्या दिवशीं तरी तिकीट काढून तींत बसावें. बंद झालेली फेरी पुनः हवी असेल, तर पारावर बसून आगारास दूषणें देण्यांत अर्थ नाहीं. तोंडी गाऱ्हाण्यास दप्तरांत जागा नसते. एक महिनाभर रोज किती माणसें व मुलें कोणत्या वेळीं बाहेर जातात, याची नोंद ठेवावी, ती जोडून ग्रामपंचायतीचा ठराव करावा, आगार व्यवस्थापकांकडे द्यावा आणि पोंच घ्यावी. शाळा जूनमध्यें उघडतात; कागद एप्रिलांतच गेलेला बरा.

जेथें एस. टी. जातच नाहीं, तेथें वडापावांचून गत्यंतर नसतें. तें परवान्याच्या, पिवळ्या पाटीच्या गाडीचें असावें. पांढऱ्या पाटीच्या खाजगी गाडींतून भाडें घेऊन माणसें नेण्याची परवानगी नाहीं, व तशा वापरास खाजगी विम्याचें संरक्षणही नसतें. अपघात झाल्यावर हें कळून उपयोग काय?

दुसरा मार्ग चार घरांनीं मिळून एक गाडी ठेवण्याचा. यांत आपल्याकडे नवीन कांहीं नाहीं. एकएक बैल असलेले दोघे शेतकरी वारंगुळ्यानें जोडी जुळवीत व दोघांचीं रानें नांगरून घेत. परदेशांतही हा विचार जुनाच आहे. ज्या १९४८ सालीं आपली एस. टी. निघाली, त्याच सालीं स्वित्झर्लंडांतील झुरिक शहरीं सामाईक मोटारीची सहकारी मंडळी स्थापन झाली होती. ती पुढें टिकली नाहीं; परंतु त्याच देशांत १९८७ सालीं निघालेल्या अशा दोन मंडळ्या १९९७ सालीं एकत्र होऊन ‘मोबिलिटी’ नांवाची मोठी सहकारी संस्था झाली.

वर मांडलेले १,२०,००० चार घरांत वांटले, तर प्रत्येकास ३०,००० पडतील. वापर वाढल्यानें झीज अधिक होईल, ती निराळी धरावी. पण पैशाहून अवघड गोष्ट पाळीची. सामाईक विहिरींचे तंटे आम्हीं फार जवळून पाहिले आहेत. ज्या विहिरीच्या पाळ्या दिवसवार लिहिलेल्या होत्या, ती दोन पिढ्या सुखानें चालली. जेथें ‘आपण भाऊभाऊच’ म्हणून कागद टाळला, तेथें मोट थांबली आणि वकील चालूं लागला. गाडीचेंही तसेंच आहे. किल्लीबरोबर वही असावी. कोणी नेली, किती किलोमीटर चालली, पेट्रोल किती घातलें, हें नेणाऱ्यानेंच लिहावें व किलोमीटरप्रमाणें खर्च भरावा. आजारी व बाळंतीण यांचा हक्क सर्वांआधीं. लग्नसराईंतील तिथी चिठ्ठी टाकून ठरवाव्या. भागीदारांखेरीज इतरांस पैसे घेऊन बसवूं नये. गाडी कोणाच्याही एकट्याच्या नांवें नोंदवावी लागली, तर बाकीच्यांचे हिस्से मुद्रांकाच्या कागदावर लिहून ठेवावे, आणि चौघेही ती चालविणार हें विमा उतरवितांनाच विमेवाल्यास सांगावें. एखादा भागीदार वारला किंवा वेगळा निघाला, तर त्याच्या हिश्शाची किंमत कशी ठरवावयाची व किती दिवसांत चुकती करावयाची, हें कलम मात्र गाडी दारांत येण्यापूर्वींच लिहून चौघांच्या सह्या घ्याव्या.